वेशीबाहेरची स्थळपाहणी

नवा कोरा डांबरी रस्ता महिन्याभरात पुन्हा खणलेला बघून तुम्ही आजवर कुणाकुणाला शिव्या घातल्यात, आणि त्या यादीत एकदा तरी स्वतःचं नाव घेतलंत का?

मी तर शिव्या छापूनही घातल्या आहेत. आमच्या घरात भाताच्या पोत्यांशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा कुठल्या ना कुठल्या समितीत असायचे आणि त्या समितीचं पत्रक आमच्याच पडवीत घडी घातलं जायचं. मच्छीमारांचं, एसटीच्या बंद पडलेल्या फेऱ्यांचं, खाडीतल्या वाळूचं. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या मथळ्यांवरून, आणि शाळेची गणितं सोडवली ती त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. प्रत्येक पत्रकाला एक शत्रू असायचा आणि तो पहिल्या ओळीतच सापडायचा. त्यामुळे आमच्या गावच्या रस्त्यावर लिहायचं मी ठरवलं तेव्हा शत्रू तयारच होते: पंचायत, ठेकेदार आणि इंजिनीअर. मथळाही सुचला होता. ते पत्रक छापलं गेलं नाही. का, ते सांगते.

आमचा गाव तोंडवलीच्या अलीकडे, समुद्र आणि खाडी यांच्या मधे. वर देऊळ आणि त्याच्याभोवती वरची वाडी, खाली खाडीला लागून खालची वाडी. दोन्हींना जोडणारा रस्ता एकच आणि त्याच्या पोटातून जाणारा नळही एकच. पाण्याची टाकी वर, त्यामुळे पाणी आधी वरच्या वाडीला, मग उरलं तर आम्हाला. होळी झाली की आमच्या तोट्या नुसत्या फुसफुसायच्या. विहिरी होत्या, पण खाडी जवळ असल्याने उन्हाळ्यात त्यांचं पाणी मचूळ व्हायचं; त्यात डाळ शिजत नाही. माझी आई प्यायचं पाणी वरच्या वाडीतून डोक्यावरून आणायची आणि चढावर थांबून सुनेच्या वयाच्या बायकांना पुढे जाऊ द्यायची.

अशात रस्त्याचं डांबरीकरण मंजूर झालं. वरच्या वाडीला ते माघातल्या जत्रेआधी हवं होतं. आणि एकदा डांबर पडलं की पुढची कित्येक वर्षं त्याला कुणी कुदळ लावू देत नाही, लावलीच तर चार ठिगळं आणि शंभर भांडणं. म्हणजे डांबर आधी पडलं तर खालच्या वाडीचं पाणी गेलं. नळ आधी बदलला तरच ते येणार. सगळा प्रश्न एवढाच होता.

सरपंच होत्या वरच्या वाडीतल्या. सगळा गाव त्यांना वहिनीच म्हणतो. घरी काजू फोडायचं छोटं युनिट, बोटं काजूच्या चिकाने कायम काळी. त्यांच्या स्वतःच्या तोटीला भरपूर पाणी होतं. या नळात त्यांचा एक थेंबाचा फायदा नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पत्रक लिहिणारी माणसं आधी तेच शोधतात. तरी त्यांनी सांगून टाकलं होतं: या हंगामात नळ, चर बुजवून वर खडी, एक पावसाळा जाऊ दे, चर नीट बसू दे, डांबर त्यानंतर. जत्रेला खडीच. वरच्या वाडीतल्या सदस्यांनी अविश्वास ठरावाची भाषा सुरू केली होती आणि त्यात सगळ्यात पुढे त्यांचा सख्खा दीर होता.

त्याच मार्गशीर्षात गावपळण आली.

आमच्याकडे काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळा गाव वेशीबाहेर निघतो. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, आजारी म्हातारी माणसं, मुंबईहून मुद्दाम आलेले चाकरमानी, सगळे. तीन रात्री माळावर राहुट्या बांधून राहायचं. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, आत कुणी पाऊल टाकत नाही. मग पुन्हा कौल घेऊन परत. माझ्यासारख्या नास्तिक मुलीलाही गावपळण आवडते. घरांच्या भिंती मागे राहतात आणि सगळा गाव एकाच माळावर, एकमेकांच्या जेवणात डोकावत बसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपत असताना सरकारी जीप आली. आतून तरुण इंजिनीअर उतरले, घाटावरचे, नवे. काखेत नकाशाची गुंडाळी. नळाच्या कामाची स्थळपाहणी त्यांनी नेमकी आजची ठरवली होती. कौलाची तारीख कार्यालयात कोण कळवणार?

"गाव रिकामा का आहे?" त्यांनी विचारलं. आम्ही सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, मी एकटाच जाऊन बघून येतो," आणि परत जीपमध्ये बसले. ड्रायव्हर जागचा हलला नाही.

"साहेब, मेमो दिया, बदली करा, पण गाडी वेशीच्या आत जावची नाय," तो म्हणाला. "माझी सासुरवाडी हीच. घराक जावन बायलेक काय तोंड दाखवू?"

राहुट्यांतून हशा उठला. "जावयबापू, जेवान जावा!" कुणीतरी ओरडलं.

इंजिनीअर मात्र घाबरले होते, आणि त्यांची भीती खरी होती. वहिनींना बाजूला घेऊन ते म्हणाले, "मॅडम, उद्या संध्याकाळपर्यंत अंदाजपत्रक वर गेलं नाही, तर नळाचं काम यंदाच्या यादीतून जाईल. मग डांबर थांबवायला माझ्याकडे कारणच राहणार नाही. आणि जागा न बघता मी सही करणार नाही. आधीच्यांनी न बघताच सह्या केल्यात."

शेवटचं वाक्य ऐकून मी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. सही करायला नकार देणारा सरकारी माणूस माझ्या पत्रकात बसत नव्हता.

वहिनी माळाकडे बघत उभ्या राहिल्या. मग कार्यालयातल्या मराठीत म्हणाल्या, "साहेब, गावात जाऊन काय दिसणार तुम्हाला? कुलपं. गाव सगळा इथे आहे. इथेच दाखवते." आणि पदर खोचून त्या आमच्याकडे वळल्या. "उठा रे सगळे! कापलेल्या शेतात चला. हरेकान आपापल्या घराच्या जाग्यार जावन उभा रवाचा!"

आधी कुणाला कळेना. मग बायकांना कळलं. देवळाच्या जागी गावच्या मानकऱ्यांनी केळीच्या पानावर नारळ ठेवला. टाकीच्या जागी कुणी पिंप उपडं घातलं. खाडी म्हणून लुगडी वाळत घातलेली दोरी खालच्या बांधाला बांधली. किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या रापणकरांनी जाळी दुरुस्तीला आणली होती. त्यांच्या रापणीचा लांबलचक दोर रस्त्यासाठी आणि त्याच्या पोटातल्या नळासाठी मिळाला. आणि त्या दोराच्या दोन्ही बाजूंना भाताच्या खुंटांतून माणसं घरं शोधत फिरू लागली.

"गो, तू माझ्या परसात उभी रवलंस!"

"तुझा परस? कधीपासून?"

"माका खुर्ची दिया. माझा घर माडीचा आसा." हा आमच्या वाडीतला सगळ्यात जाडा गृहस्थ.

दोन भाऊ आहेत गावात, घराची मधली भिंत एक आणि अंगणावरून कोर्टात केस. थोरला जागेवर उभा राहिला. धाकटा लांब काजूच्या सावलीत जाऊन उभा.

"मेल्या, तुझा घर काय उचलून न्हेलंस थंय?" एका म्हातारीने विचारलं.

"तेच्या बाजूक उभो रवण्यापरास माका घर नसलेला बरा."

वहिनी म्हणाल्या, "बोलू नकात, पण उभे रवा. नळाक तुमची केस कळणा नाय." धाकटा कुरकुरत दोन पावलं पुढे सरकला आणि थांबला. तेवढ्यावर भागवावं लागलं.

असा आमचा गाव शेतात उभा राहिला. इंजिनीअर बांधावर चढून बघत होते. वहिनींनी मग साधी गोष्ट सांगितली. "ज्यांच्या नळाक उन्हाळ्यात पाणी येता ते उभे रवा. येणा नाय ते खाली बसा."

खालची वाडी बसली. एक-एक करत, लुगडी सावरत, गुडघ्यांवर हात ठेवत. माझी आई बसली. खुर्चीवाला खुर्चीत होता, तो खुर्ची बाजूला ठेवून जमिनीवर बसला. बघता बघता अर्धा गाव जमिनीला टेकला आणि अर्धा उभाच राहिला. उभे राहिलेले बसलेल्यांकडे बघत होते. वर्षानुवर्षं त्यांनी आमच्या बायकांना कळशा घेऊन जाताना बघितलं होतं, पण एकेकटीला. सगळ्यांना एकदम, आपल्या पायांशी बसलेलं बघितलं नव्हतं. मी पत्रकांच्या मथळ्यांवर वाढलेली मुलगी. तसा मथळा मला आजवर लिहिता आलेला नाही.

"पण पाणी तुटतं ते एकाच ठिकाणी," इंजिनीअर बांधावरून म्हणाले. "इथपर्यंत सगळे उभे, पुढे सगळे बसलेले. इथे काय आहे?" त्यांनी नकाशा उलगडला. नकाशावर टाकीपासून खाडीपर्यंत नळाची रेघ फुटपट्टीने आखल्यासारखी सरळ होती. शेतातला दोर मात्र त्या जागी फुगला होता. दोर धरणारी माणसं नकळत एका बाजूला सरकली होती आणि तिथे एक रिकामं वर्तुळ राहिलं होतं.

"दोर सरळ धरा जरा," म्हणत ते खाली उतरले आणि त्या रिकाम्या जागेकडे निघाले.

"साहेब, थंय नको!" सगळा गाव एकदम ओरडला.

"निदान चपला तरी काढा," एक बाई कळवळून म्हणाली.

ते एक पाय उचललेल्या अवस्थेतच थांबले. समोर भाताचे खुंट होते, बाकी काही नव्हतं. "इथे काय आहे?"

मानकऱ्यांनी नारळाकडे बघितलं. नळ सोडणाऱ्या पंचायतीच्या माणसाने आभाळाकडे बघितलं. शेवटी काजूच्या सावलीतून धाकटा भाऊ म्हणाला, "राखणदार आसा थंय. वडाखाली. नळ तेका वळसो घालून गेलेलो आसा. सगळ्यांका म्हायत आसा. हापिसातच म्हायत नाय."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारल्यात खंय?" म्हातारी म्हणाली. "आनी तसली गजाल कागदार घालतत काय?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिला नळ टाकताना खणणारे गावचेच होते. गावाचं रक्षण करणाऱ्या देवाच्या जागेवर त्यांनी कुदळ घातली नाही. नळ वडाला वळसा घालून नेला आणि साहेबांना काही बोलले नाहीत. पुढे दोनदा नळ बदलायचं काम निघालं. दोन्ही वेळा अंदाजपत्रक नकाशावरच्या सरळ रेघेचं. गडी वडापाशी आले की नवा पाइप जुन्या वळशाला जोडून मोकळे व्हायचे. ठेकेदाराचा पाइप वाचायचा, तो कशाला बोलेल? नवं सगळं नवं आणि मधला वळसा पहिल्यापासून तोच, सांध्यासांध्यांतून झिरपणारा.

"म्हणजे तुमचं निम्मं पाणी त्या वडाच्या मुळांत जातंय," इंजिनीअर म्हणाले.

"म्हणानच वड इतको माजलो!" कुणीतरी म्हणालं आणि हसता हसता उभ्या असलेल्यांनाही घरांच्या जागा सोडून खाली बसावं लागलं.

मी मात्र हसता हसता थांबले. माझ्या तीन शत्रूंपैकी ठेकेदार तेवढा जागेवर होता. पण तो चोर ज्या गोष्टीवर पोसला, ती आमच्या सगळ्यांच्या तोंडात होती आणि आम्ही ती गिळून बसलो होतो. श्रद्धेची लाज वाटते म्हणून कार्यालयात बोलायचं नाही, आणि कार्यालयाने रेघ ओढली की तिच्याकडे बोट दाखवायचं नाही. ही चूक आमच्याच लोकांना जमते.

इंजिनीअर चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बांधावर बसून फोनवर आकडे मांडायला घेतले. वळशामुळे लांबी वाढली, वाकवायचे जोड वाढले, वडापाशी यंत्र न लावता हाताने खोदाई धरावी लागणार. मानकरी म्हणाले, जागेपासून लांब राहून खणा, आधी नारळ ठेवतो, आमची ना नाही.

"पण वळणाचं कारण काय लिहू?" इंजिनीअरांनी विचारलं.

"झाड आहे ना तिथे, साहेब?" वहिनी म्हणाल्या. "झाड लिहा. खोटं नाही ते."

त्यांनी हसत झाड लिहिलं. मग रस्ता जिथे जिथे घरांसमोरून जातो तिथे रस्त्याखालून आडवे मोकळे पाइप टाकून ठेवायची सूचना त्यांनीच केली, म्हणजे पुढे कुणाला जोडणी हवी असेल किंवा केबल न्यायची असेल तर डांबर फोडायला नको. सरकारी नोकर पुढच्या वीस वर्षांचा विचार करताना मी त्या दिवशी बघितला. असे असतात, आणि त्यांच्यावर पत्रक कुणी काढत नाही.

अडलं ते पैशांपाशी. पाण्यासाठीच वापरायचा जो निधी पंचायतीकडे होता, तो सरळ रेघेपुरता होता. वळशाचा आणि मोकळ्या पाइपांचा खर्च गावाच्या घरपट्टीतून काढावा लागणार होता, आणि घरपट्टीतली शिल्लक देवळाच्या वाटेवरच्या स्वागत कमानीसाठी ठेवली होती. वहिनींनी सांगितलं, कमान रद्द.

दीर उसळून पुढे आला. "कमान तुझ्याच घरान मागलेली, वयनी!"

"माका म्हायत आसा. घरातला घराक बोलया. हंय मी सरपंच."

"आनी जत्रेक? पावण्यांका खडीर चलवतलंस?"

"चलवतलंय. तुझी बायल उन्हाळ्यात कळशी घेवन त्याच चढार चलता असती तर तुका खडी टोचली नसती."

"अविश्वास आणतलों आमी."

"आणा खुशाल," त्या म्हणाल्या. "नळ घातल्यार आणा."

त्या ओरडल्या नाहीत. काळी बोटं पदराला पुसली आणि मानकऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "गाऱ्हाणा घालाचा काय?"

गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलणं. मानकरी नारळासमोर उभे राहिले. माणसं परत आपापल्या घरांच्या जागी गेली. थोरल्याच्या बाजूला धाकटाही येऊन उभा राहिला, मधे भिंतीएवढं अंतर ठेवून.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरांनी नळाचा काम हातीत घेतला आसा. तां निर्विघ्न पार पाड. कोणी आडो येत तर तेका सुबुद्धी दी. आनी तुझ्या राखणदाराक सांग, आतापर्यंत प्यालंस तां बस झाला, आता खालच्या वाडयेक जावं दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळं शेत म्हणालं. वरची वाडीही म्हणाली. देवासमोर म्हटलेलं परत घेता येत नाही, हे दिराच्या तोंडावर वाचता येत होतं. तोही म्हणाला होता.

नियमावर बोट ठेवणाऱ्यांसाठी सांगते: शेतातल्या त्या बैठकीला कायद्यात किंमत नव्हती आणि कुणी तसा दावाही केला नाही. अंदाजपत्रक दुसऱ्या दिवशी मुदतीत गेलं, जागेवरची मोजणी बाकी असल्याच्या शेऱ्यासह, आणि गाव परतल्यावर साहेब येऊन वळसा मोजून गेले. रीतसर ग्रामसभा नोटीस लावून शाळेत झाली. कमान रद्द आणि नळ आधी, हे दोन्ही ठराव तिथे मांडले गेले. एरवी गणसंख्येअभावी तहकूब होणारी सभा. त्या दिवशी मुलांचे बाक बाहेर काढावे लागले.

चर खणला गेला. कसालहून पाइपांची गाडी आली. वडापाशी यंत्र थांबलं, माणसांनी हाताने खणलं, आणि जुना वळसा बाहेर निघाला तेव्हा त्यात इतकी मुळं शिरली होती की पाइप कुठे संपतो आणि झाड कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. जत्रा खडीवरच झाली. दशावतारी मंडळाचा टेम्पो चढावर दोनदा घसरला, मुंबईच्या पाहुण्यांच्या नव्या चपला फाटल्या, आणि प्रत्येकाने वहिनींना ऐकू जाईल असं काहीतरी बोलून घेतलं. त्या प्रसादाच्या रांगेत वाढत होत्या. बोलणाऱ्याच्या पानातही तेवढंच वाढत होत्या.

चैत्रात एका सकाळी आमची तोटी फुसफुसली, मग खोकली, मग तांबडी माती आली, आणि मग पाणी. आईने कळशी लावली नाही. तिने आधी शेजारच्या कुंपणावरून हाक मारली, "गो, तुझ्याकडे इला?" तिकडून उत्तर आलं, मग पुढच्या घरातून पुढच्या घरात हाक गेली, खाडीपर्यंत. सगळीकडे आलंय हे कळल्यावरच तिने कळशी तोटीखाली ठेवली.

अविश्वास ठराव खरंच आला, नळ झाल्यावर, वहिनींनी सांगितल्याप्रमाणे. तो पडला. दीर त्या सभेला आलाच नाही. काजूला फवारणी होती म्हणे. मी हे लिहितेय तेव्हा पहिला पावसाळा चरावरून गेलाय, एका ठिकाणी बोटभर खचलाय, तिथे खडी भरून घेतलीय. डांबर आता पडेल. कमान नाही. वरच्या वाडीतले काही जण या रस्त्याला अजून 'वयनीची खडी' म्हणतात. मला वाटतं, याहून चांगलं नाव गावातल्या कुठल्याच पाटीवर नाही.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या वाडीचा, गल्लीचा रस्ता मंजूर झाल्याचं कळलं की हार घेऊन धावू नका. एक अर्ज लिहा: खालचा नळ बदलल्याशिवाय आणि चरावरून एक पावसाळा गेल्याशिवाय वर डांबर टाकू नये, तोवर आम्ही खडीवरून चालू. शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, ज्यांच्या तोटीला भरपूर पाणी येतं त्यांच्या आधी घ्या, आणि तो अर्ज पुढच्या ग्रामसभेत उभं राहून स्वतः वाचा.